कमलच्या नावाची वाटी

आमच्या वळणावरच्या कडुनिंबाला कापूस लागला की मी समजते, वेचणी लागली. कॅलेंडर बघावं लागत नाही. खेड्यांतून आदिलाबादच्या मार्केटला निघालेले टेम्पो इतके ठासून भरलेले असतात की वळणावर खालच्या फांद्या त्यांना ओरबाडून घेतात, आणि मग संक्रांत होऊन गेली तरी त्या झाडाला पांढऱ्या झिंज्या लोंबत असतात. त्यातला एखादा पुंजका वाऱ्यानं सुटतो, अंगणात येतो आणि पायरीशी घुटमळत बसतो. इतकी वर्षं हा पुंजका मला संध्याकाळी दिसायचा, शाळेतून आल्यावर. यंदा भर दुपारी दिसला.

उन्हाळ्यात मी रिटायर झाले. सत्कार झाला, शाल मिळाली, भाषणं झाली आणि "आता आराम करा बाई" असं झाडून सगळ्यांनी सांगितलं. त्यांच्यापैकी एकानंही दुपार कशी काढायची ते सांगितलं नाही. मराठी शाळेत शिकवण्यात माझा जन्म गेला. दुपार म्हणजे डबे उघडल्याचा वास आणि पोरांचा गलका, एवढीच मला ठाऊक. घरातली दुपार वेगळी असते. गल्लीची दारं बंद, जिनिंगची लांबून येणारी घरघर, आणि गॅसवर एका माणसापुरती भाजी. एका भाकरीसाठी तवा तापवायचा म्हणजे तव्यालाही परवडत नाही. हळूहळू मी ओट्याशी उभ्यानंच जेवायला लागले. मग कधी चहा-चिवड्यावर भागवायला लागले. आई असती तर म्हणाली असती, "उभ्यानं ढोरं खातेत." आई नाही. लग्न मी केलं नाही; का नाही, ते इतक्या जणांना सांगून झालंय की आता त्याचाही कंटाळा येतो.

तर अशाच एका दुपारी दारावर थाप पडली. तरुण पोरगी होती, केस वर बांधलेले, काळा एप्रन, आणि हातात निळ्या काठाची पांढरी चिनी मातीची वाटी, वर कागद झाकलेला.

"आंटी, वो कोने पे नया कॅफे है ना, हमारा है. थोडा खाके बोलो कैसा है," ती म्हणाली. आणि वळता वळता, सवयीनं विचारावं तसं, "तिन्नारा आंटी?"

जेवलात का. या गावात ज्याला तेलुगू येत नाही त्यालाही एवढं येतं. हे कोणी मला विचारून किती महिने झाले ते मी आठवत बसले नाही. "हो हो," म्हटलं. जेवले नव्हते.

वाटीत नळ्या होत्या. पांढऱ्या रश्श्यात पोहणाऱ्या मऊ नळ्या, वर मिरपूड. आजाऱ्याला द्यावं तसं मिळमिळीत. पण गरम होतं, आणि दुसऱ्या कोणीतरी केलेलं होतं. मी बसून खाल्लं. वाटी बोटानं पुसून खाल्लं म्हटलं तरी चालेल.

मग वाटी घासून पालथी घातली, आणि इथंच माझी फसगत झाली. ती पोरगी दुकानाची जाहिरात करत होती. गल्लीत घरोघर अशाच वाट्या गेल्या होत्या आणि संध्याकाळी ती त्या गोळा करून नेणार होती. ती आली तेव्हा मी किराणा आणायला गेले होते, म्हणून माझ्याकडची राहिली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, वानोळा आला.

वानोळा म्हणजे काय, हे ज्याच्या दारी तो कधी आलाच नाही त्याला कसं सांगावं? मळ्यातली पहिली वांगी निघाली, पहिल्या शेंगा आल्या, सणावाराचं काही रांधलं, की त्यातलं वाटीभर शेजारी द्यायचं. आणि ज्या भांड्यातून आलं ते भांडं रिकामं परत जात नसतं. अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर. मग त्या बाईला वाटतं, अगं बाई, हिनं साखर घातली, आता आपण काहीतरी द्यायला पाहिजे. असं ते चालूच राहतं. बायका भांडल्या तरी भांडी जात-येत राहतात आणि त्या निमित्तानं भांडण मिटतं.

आमच्या घरी या रिवाजाला एक पोटकलम होतं. आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीनं जायची. तिला लोक वानोळा देत, शेंगा देत, वांगी देत. भांडं परत करायची वेळ आली की ती त्यात तीळ घालायची, भुईमुगाच्या शेंगा घालायची, गूळ घालायची. शिजवलेलं कधीच नाही. मी नव्यानं रांधायला शिकले तेव्हा हौसेनं एका घरच्या वाटीत शेवया घालायला निघाले. आईनं मनगट धरलं.

"आपल्या घरून कच्चंच जाऊ दे माय," ती म्हणाली. "त्यायच्या हातानं शिजवून खाऊ दे त्यायले."

"काऊन?"

आईनं माझं मनगट सोडलं. मग तिनं सांगितलं की नवी नवरी असताना तिनंही एकदा हौसेनं पोळी पाठवली होती. दुसऱ्या दिवशी त्याच घरी शेण काढायला गेली तर पोळी गाईच्या घमेल्यात होती. मोडलेलीही नव्हती. "त्याइनं मले कधी वाईट बोललं नाही," आई म्हणाली. "गोड बोलून घेतली, अन् गाईले घातली." आमचं घर बाबासाहेबांना मानणारं, बुद्धाला हात जोडणारं. बाप सभांना जायचा, छाती काढून चालायचा. पण त्या घमेल्यातली पोळी आईच्या डोळ्यांपुढून गेली नाही ती नाहीच.

नोकरी लागल्यावर गावाच्या टोकाला मी हे घर घेतलं आणि आईला आणलं. आमच्या भिंतीपलीकडे कमल. माळ्याची सून, किनवटकडची, माझ्याच वयाची, तोंडाची फटकळ. घरामागून त्यांची वाडी सुरू व्हायची. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि पलीकडे कापसाचा पट्टा. आम्ही राहायला आल्याच्या आठवड्यातच भिंतीवरून एक स्टीलची वाटी आली, वांग्यांनी भरलेली. वाटीच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, सौ. कमल. तिच्या माहेरचं लग्नातलं भांडं. आईनं शेंगा घालून परत केली. ती पुन्हा आली, मेथीची जुडी घेऊन. मी तीळ घालून परत केली. वर्षानुवर्षं असं चाललं. आमच्याकडून कच्चं, तिच्याकडून कधी कच्चं, कधी शिजलेलं. ती काही बोलली नाही, मीही नाही.

एका साली वेचणीला बाया मिळत नव्हत्या. बोंडं उलून कापूस खाली लोंबायला लागला होता आणि रोज संध्याकाळी आभाळ भरून यायचं. एक पाऊस पडला असता तर सगळं काळं पडलं असतं. कमलनं भिंतीवरून विचारलं, "बाई, तुमाले वेचाले येतं का?"

मला राग आला. म्हटलं, "चालायला येण्याआधी वेचायला येतं मला."

सुट्टीच्या दिवशी मी जायला लागले. आदिलाबादची थंडी ज्याला ठाऊक आहे त्याला सकाळच्या वेचणीचं दुःख सांगायला नको. कापूस दहिवरानं ओला, बोटं बधिर, आणि बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला नेमकी त्याच जागी टोचतात जिथं काल टोचली होती. ऊन वर आलं की कापूस कोरडा होतो, हलका होतो, कंबरेची ओटी फुगत जाते. बाया गाणी म्हणत नाहीत, तसं लोकांना उगाच वाटतं. बाया सासवांबद्दल बोलतात. मीही बोलत होते, सासू नसून. शाळेत मी बाई होते, तिथं मी नुसती सुजा होते. इतकं बरं मला त्याआधी कुठं वाटलं नव्हतं आणि त्यानंतरही फारसं नाही.

दुपारी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बोरीखाली जेवायला बसायचं. गोल करून, फडकी सोडून. कोणाची ज्वारीची भाकर, कोणाचा ठेचा, कोणाचं वरण. शेतातल्या जेवणात आपापलं कोणी खात नाही. हिच्या फडक्यातून तिच्या भाकरीवर, तिच्यातून हिच्या. मी थोडी अलीकडे बसायचे, गोलाला लागून, पण गोलात नाही. बस म्हणून कोणी म्हटलं नव्हतं आणि तिथं बसू नको असंही कोणी म्हटलं नव्हतं. आपली जागा आपल्याला बरोबर सापडते.

एक दिवस कमल गोलातून उठली, माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली, माझ्या फडक्यातली भाकर मोडली, तिच्यावर अंबाडीची भाजी घेतली आणि तोंडात घातली. बायांची तोंडं थांबली. एक म्हातारी नुसती "कमल वं" एवढंच म्हणाली. कमल चावत होती. तिनं घाई केली नाही. सगळ्या बघताहेत हे तिला ठाऊक होतं.

"मीठ कमी हाये," ती म्हणाली. "काऊन वं, मास्तरीण झाली अन् मीठ घालाले भेली का? अन् रोज वाटीत कच्चंच काऊन धाडतं? शिजवाले येत नाही का तुले?"

मी फडकं तिच्याकडे आणखी सरकवलं. दुसऱ्या कोणी त्या दिवशी माझ्या फडक्याला हात लावला नाही, खोटं कशाला सांगू. पण कमल उठून परत गोलात गेली नाही. तिथंच बसून जेवली.

संध्याकाळी आईला सांगितलं. आई डाळ निवडत होती.

"सगळ्याइदेखत खाल्लं?"

"हो."

"अन् मीठ कमी म्हणे?"

"हो."

आई हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, मी पाठ चोळली. "मंग तिनं खाल्लं माय," ती म्हणाली. "नावं ठेवले म्हणजे खरंच खाल्लं. गोड बोलणाराचं काई खरं नसते."

त्यानंतर कमलची वाटी आमच्याकडून शिजलेलं घेऊन जायला लागली. तिची सासू होती तोवर ती वाटी स्वयंपाकघरात जात नसे. ओसरीच्या कोनाड्यात राहायची आणि कमल तिथंच ओसरीत बसून खायची. सासू गेली, कोनाडा सुटला. आई गेली. वाटी जात-येत राहिली, आणि दर खेपेला भिंतीवरून ठरलेला निकाल यायचा, मीठ कमी. मी मीठ वाढवून पाहिलं. ती म्हणे, कमीच हाये. एकदा चांगलं खारट केलं, तर म्हणाली, "आज काऊन भांडून राह्यली?" पुढं मी नाद सोडला. कमी तर कमी.

मग वाडीत दगड रोवले गेले. कमलच्या मुलानं निजामाबादला घर केलं होतं, इथली जमीन प्लॉट पाडून विकली आणि आईला घेऊन गेला. जायच्या दिवशी कमलची वाटी माझ्याकडे होती. मी शोधत होते की घाईघाईनं तिच्यात काय घालावं. ती म्हणाली, "राहू दे. वेचणीले येतो मी, तवा भरून दे." वाडी गेली होती, वेचायला कुठं येणार होती कोण जाणे. पण रविवारी तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "कोरड्यास काय केलं वं?" भाजी काय केली, एवढंच. मी सांगायचे. घरात चिवडा असला तरी वांगी म्हणून सांगायचे. या दसऱ्याच्या आधी तिच्या मुलाचा फोन आला. सगळं उरकल्यावर आला. तिला जाऊन तेव्हा काही दिवस झाले होते.

ती वाटी माझ्या मांडणीवरच राहिली होती. वापरवत नव्हती आणि कोणाला द्यावी ते समजत नव्हतं.

आता कॅफेची वाटी परत करायची होती. माझा हात तुरीच्या शेंगांकडे गेला. शेंगा घातल्या, कागद झाकला, चपला घातल्या, आणि दारात थांबले. एवढं आयुष्य गेलं, किती पोरांना शिकवलं, आणि हात अजून शेंगांकडे जातो. मला स्वतःचाच संताप आला. शेंगा ओतून टाकल्या आणि अंबाडी निवडायला बसले. ज्वारीच्या कण्या घालून शिजवली, वरून लसणाची फोडणी. बऱ्याच दिवसांनी घरात चुर्र असा आवाज झाला.

कॅफे कमलच्या वाडीतच आहे, रस्त्यालगतच्या प्लॉटवर. बोरीचं झाड होतं तिथं आता मोटरसायकली लावतात. आत रंगीत भिंती, उंच स्टुलं, दोऱ्यांना लोंबणारे दिवे, दारावर तेलुगू आणि इंग्रजीत पाटी, बाहेरचं खाणं आत आणू नये. मी हातातल्या वाटीकडे पाहिलं आणि आत शिरले.

"अरे आंटी, वापस क्यूं लाये? पसंद नै आया क्या?" त्या पोरीचं तोंड उतरलं. तिचं नाव लावण्या, उटनूरकडची, हैदराबादला हॉटेलात स्वयंपाक शिकून आलेली. हे मी तिच्याकडून पुढं काढून घेतलं, मास्तरणीची खोड.

"नहीं, नहीं, ये वो नहीं है. वो खाया. ये हमारे घर का है," मी म्हटलं. वानोळा हिंदीत कसा सांगायचा ते मला आलं नाही. कटोरी खाली नहीं देते, असं काहीतरी बोलले. तिनं कागद उचलून अंबाडी पाहिली आणि तिचं तेलुगू नाव घेतलं. "ओ, गोंगुरा! थँक्यू आंटी, सुपर!" आणि काउंटरखाली ठेवून दिली. चाखली नाही. दुकानात गर्दी होती, मला ते दिसत होतं. तरी सुपर हा शब्द माझ्या कानात आईच्या आवाजात वाजला. गोड बोलून घेतली.

"लंच करके जाओ आंटी," ती म्हणाली आणि मला खिडकीजवळ बसवून गेली. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. बाहेर एकटीनं जेवायला बसण्याची माझी ती पहिली वेळ. सहलीला पोरं असत, ट्रेनिंगला बाकीच्या बाया असत. मेन्यू कार्ड दोनदा वाचलं, मग पोरगी आली तेव्हा शेजारच्या टेबलाकडे बोट करून म्हटलं, वो. एका खोलगट ताटलीत मसालेभात, वर पनीर, कोपऱ्यात चार काकड्या. चांगलं होतं. खरंच चांगलं होतं. तिच्या हाताला चव आहे, त्या नळ्यांवरून वाटलं नव्हतं.

आजूबाजूला कॉलेजची पोरं, बँकेतली असावीत अशी दोन-तीन माणसं, एक जोडपं. प्रत्येकापुढे आपापली ताटली, प्रत्येकाचा हात आपापल्या ताटलीत, डोळे फोनमध्ये. माझ्या मनात आलं, इथं कोणाच्या हातचं कोण खातंय, कोणाला पडलेली नाही. आत कोण रांधतंय ते कोणी विचारत नाही. मी कोण, कुठली, कोणाची, कोणी विचारत नाही. माझ्या आईला हे दाखवायला हवं होतं. आई, बघ, कोणी काही विचारत नाही. आणि घास गिळता गिळता लक्षात आलं की खरंच कोणी काहीच विचारत नाही.

खिडकीबाहेर कंपाउंडच्या कडेला एक पऱ्हाटी उगवली होती. कोणी लावली नसणार; वाडीतली सरकी मातीत राहिली असेल, तिनं डोकं वर काढलं. दोन-तीन बोंडं उलली होती. ती वेचायला कोणी नव्हतं, कापूस खाली ओघळला होता. मी जेवता जेवता तिच्याकडेच बघत बसले. याच जमिनीवर मी जेवले होते, गोलाच्या थोडं अलीकडे बसून, आणि एक बाई उठून माझ्यापाशी आली होती. आज मी बरोबर मधोमध बसले होते आणि ताटलीतली काकडी कोणाच्या पानात टाकावी ते मला कळत नव्हतं. रडू आलं. मसाल्याच्या तिखटाचं निमित्त करून नाक पुसलं. निघताना काउंटरखाली पाहिलं. वाटीवरचा कागद तसाच होता.

नंतरचे दिवस वाईट गेले. फिरायला जाताना काचेतून आत नजर जायची. फळीवर निळ्या काठाच्या वाट्या ओळीनं मांडलेल्या, सगळ्या सारख्या. माझ्याकडे आलेली कोणती, ते ओळखू येत नव्हतं. मी वाटी भरून परत केली होती, म्हणजे रिवाजाप्रमाणे सगळं फिटलं होतं. कोणाचं काही कोणाकडे राहिलं नव्हतं. कमल असं कधी फिटू देत नसे. तिचं एक तरी भांडं कायम बाहेर असायचं. घरात भांडी कमी पडली की सासू ओरडायची आणि ही म्हणायची, "हायेत ना, लोकायच्या घरी हायेत."

एका दुपारी पुन्हा पायरीशी कापूस आला. मी तवा ठेवला. एकीसाठी दोन भाकरी केल्या. अंबाडी केली. मांडणीवरची कमलची वाटी काढली, घासली, भरली. हीसुद्धा काउंटरखाली गेली तर मी पुन्हा कोणाकडे काही नेणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते भांडं मग मांडणीवर राहील आणि मी ओट्याशी उभी.

या वेळी मुद्दाम उशिरा गेले. जेवणारे सगळे गेले होते. लावण्या काउंटरमागं उभ्यानंच कढईतला उरलासुरला भात खात होती. मला पाहून ओशाळली.

"आंटी, सॉरी. उस दिन का आपका गोंगुरा... फ्रिज में रखी, भूल गई. खराब हो गया. फेंकना पडा," तिनं सांगितलं.

मला आईनं सांगितलेलं ते घमेलं आठवलं. पण ही पोरगी डोळ्याला डोळा देऊन सांगत होती, आणि उभ्यानं जेवत होती.

"उभ्यानं ढोरं खातेत," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. "बैठ के खा." आणि वाटी तिच्यापुढे ठेवली, भाकरीचं फडकं सोडलं.

तिनं पाटीकडे पाहिलं नाही, मीही नाही. स्टूल ओढून बसली. वाटी फिरवून काठावरची ठिपक्यांची अक्षरं हिंदी वाचावं तशी लावून वाचली. "सौ... कमल. आपका नाम कमल है आंटी? अच्छा है." मी तोंड उघडलं, पण तिनं तोवर भाकर मोडली होती. भाजी घेतली. चावली. थांबली. जिभेवर फिरवून पाहिली. माझा जीव तिच्या तोंडाशी अडकला होता.

"कमल आंटी," ती म्हणाली, "बुरा नक्को मानो. नमक कम है."

काउंटरची कड मी घट्ट धरली. मग म्हटलं, "हो बाई. कमीच असतं."

तिनं मिठाची डबी ओढली, वरून चिमूट घातली, आणि दुसरी भाकर मोडून अर्धी माझ्याकडे सरकवली. आम्ही जेवलो. पऱ्हाटीकडे पाठ करून बसलो होतो. तिनं विचारलं की घरी कोण कोण आहे, मी सांगितलं. मी विचारलं, तिनं सांगितलं.

निघताना मी वाटीला हात घातला, तर तिनं ती मागं ओढली. "छोडो कमल आंटी. कल कुछ बनाके इसमें देती मैं. खाली कैसे देना?"

माझं नाव सांगायचं राहूनच गेलं. वळणावर टेम्पो चालला होता आणि कडुनिंबाच्या फांद्या त्याच्यातला कापूस ओढून घेत होत्या. मी मोकळ्या हातांनी घरी आले. कमलचं भांडं पुन्हा लोकांच्या घरी होतं.